शेजारच्या सीटवरचा मास्तर : मोटार शिकवण्याच्या व्यवसायाचा इतिहास

मोटार चालवणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. ड्रायव्हर, शोफर, चालक, वाहनचालक, टॅक्सीवाला, ट्रकवाला, रिक्षावाला. प्रत्येक शब्दामागे एक वर्ग आहे, एक पोशाख आहे, बोलण्याची एक तऱ्हा आहे. मोटार चालवायला शिकवणाऱ्याचे मात्र तसे नाही. सरकारी कागदात तो ‘प्रशिक्षक’ असतो, ट्रकच्या दुनियेत ‘उस्ताद’ आणि मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत ‘सर’. हे तीन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. ते तीन वेगळ्या व्यवस्थांतून आले आहेत आणि आज एकाच माणसाच्या वाट्याला येतात. या माणसाच्या व्यवसायाचा इतिहास पाहिला, तर ‘शिक्षक कोणाला म्हणायचे’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहता येते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

इतिहासाला जागा लागते, म्हणून या लेखापुरती गिरीज ही जागा धरली आहे. गिरीज हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, हिरा डोंगरीच्या परिसरातले गाव. विहिरी, केळीच्या बागा, फुलझाडे, भाजीचे वाफे आणि त्यांच्यामधून वळणे घेत जाणारे अरुंद रस्ते ही या पट्ट्याची जुनी ओळख. रस्ते अरुंद असण्याला कारण होते. ते बैलगाडीच्या मापाचे होते. १८६७ साली विरारहून मुंबईला रेल्वेगाडी सुरू झाली तेव्हापासून इथला माल आणि इथली माणसे मुंबईशी बांधली गेली. पण बागेपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता पुष्कळ काळ बैलाच्याच चालीचा राहिला. पुढे एस.टी. आली, टेंपो आले, रिक्षा आल्या, पाण्याचे टँकर आले. भूजल उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्ध आणि अनिर्बंध बांधकामांविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले, हे साहित्याच्या वाचकाला सांगायला नको. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या वर होती. पूर्वी ठाण्याच्या एमएच-०४ या क्रमांकावर धावणाऱ्या इथल्या गाड्यांना आता एमएच-४८ हा स्वतःचा क्रमांक आहे. रस्त्यांचे मूळ वळण मात्र पुष्कळ ठिकाणी बैलगाडीचेच राहिले. अशा रस्त्यावर पाठीला लाल ‘एल’ लावलेली गाडी हळूहळू चालते आणि तिच्या डाव्या सीटवर एक माणूस बसलेला असतो. तो तिथे कसा येऊन बसला?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मोटारीच्या आरंभकाळापर्यंत मागे जावे लागते. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत कोळसा टाकणारा असा आहे. म्हणजे वाफेच्या यंत्राची आग सांभाळणारा माणूस मोटारीच्या काळात गाडी हाकणारा झाला. शब्दाच्या या प्रवासात एक सामाजिक सत्य दडलेले आहे. आरंभीची मोटार चालवणे म्हणजे मुख्यतः ती दुरुस्त करणे होते. पुढून हॅण्डल मारून इंजिन सुरू करायचे, टायर वारंवार फुटायचे, सुटे भाग मिळायचे नाहीत. गाडी हाकण्यापेक्षा तिला चालते ठेवणे अवघड होते. म्हणून ज्याला यंत्र कळते त्यालाच गाडी चालवता येते, आणि ज्याला गाडी चालवता येते तोच शिकवू शकतो, असे समीकरण सहजच तयार झाले. १८९८ साली मुंबईत आलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक जमशेटजी टाटांची होती असे सांगितले जाते. अशा धनिकांच्या पदरी असलेला शोफर हा अर्धा कारागीर होता. जर्मनीत आशाफेनबुर्ग या गावी रुडॉल्फ केम्प याने १९०४ साली मोटार शिकवणारी शाळा काढली. जगातल्या पहिल्या अशा शाळांत तिची गणना होते. हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाकडे परवाना मागितला. पुढे १९३९ चा कायदा आला. परवाना मागणे म्हणजे ‘तुला येते का’ असे विचारणे. ‘तू कोणाकडे शिकलास’ हा त्यापुढचा प्रश्न. तो यायला बराच वेळ लागला.

या मधल्या काळात शिकवण्याचे काम थांबले नव्हते. ते उस्तादाकडे होते.

उस्तादाची शाळा म्हणजे ट्रक. तिचा प्रवेश क्लीनर म्हणून होई. बोलीत या शब्दाचा ‘किन्नर’ झाला. किन्नराने गाडी धुवायची, चाकांवर दांडा मारून हवा तपासायची, माल बांधायचा, उस्तादासाठी चहा आणायचा आणि गाडी मागे घेताना मागच्या बाजूला थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचे. या ‘येऊ दे’मध्ये पहिला धडा असे. गाडीची लांबी-रुंदी, वळायला लागणारी जागा, मागच्या चाकाचा माग हे सारे तो बाहेर उभा राहून शिकत असे. मग केव्हा तरी रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणे, ‘बस’. या शिक्षणाला मुदत नव्हती, अभ्यासक्रम नव्हता, फी नव्हती; फीच्या जागी राबणे होते. संगीताच्या घराण्यांची आठवण व्हावी असेच हे सारे आहे. तिथेही सेवा, ऐकणे आणि वाट पाहणे यांना शिक्षणाचे स्थान होते. फरक एवढाच, की घराण्याच्या इतिहासात गुरूचे नाव राहते आणि ट्रकच्या उस्तादाचे नाव कुठेच राहत नाही. या व्यवस्थेचा गौरव करण्याचे कारण नाही. तिच्यात मारहाण होती, शोषण होते आणि परवान्याविना हातात दिलेली गाडी रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळत होती. पण तिला एक गोष्ट माहीत होती. हात बसायला वेळ लागतो.

उस्तादापेक्षा वेगळी शिस्त लष्कराने आणली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य सुमारे २ लाखांवरून २५ लाखांपर्यंत वाढले. एवढ्या सैन्याला रसद पोचवायची तर चालक हजारोंनी हवेत, आणि ते थोड्या महिन्यांत तयार व्हायला हवेत. उस्तादाच्या सवडीने हे होणारे नव्हते. म्हणून क्रम ठरवून, तुकड्या पाडून, एकाच पद्धतीने सर्वांना शिकवणे आले. युद्ध संपल्यावर राज्य परिवहनासारख्या संस्थांना याच जातीच्या शिस्तीची गरज होती. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांदरम्यान एस.टी.ची पहिली बस धावली. तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे महाराष्ट्राने जपून ठेवली आहेत, ते योग्यच झाले. पण किसन राऊतांना गाडी कोणी शिकवली, हे त्या गोष्टीत येत नाही. साहित्याचेही तसेच आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये एस.टी.चा ड्रायव्हर आहे. ‘गोलपिठा’चे कवी नामदेव ढसाळ स्वतः मुंबईत टॅक्सी चालवत होते. चालक मराठी साहित्यात आला आणि साहित्यिकही झाला. त्याचा मास्तर मात्र गोष्टीच्या कडेलाच राहिला.

तिसरी व्यवस्था शहरातल्या मोटार ट्रेनिंग स्कूलची. तिचा इतिहास गाड्यांच्या इतिहासाला जोडून वाचावा लागतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ बाहेर पडत असे. नवी गाडी हवी तर वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा काळात गाडी शिकायला येणारा बहुधा स्वतःच्या गाडीसाठी येत नसे, नोकरीसाठी येई. टॅक्सी, कंपनीची गाडी, शेटची गाडी, टेंपो हे त्याचे भवितव्य होते. त्याच्या दृष्टीने शिकवणारा हा पोटाची विद्या देणारा होता, आणि तेवढा मान त्याला मिळे. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. तो हाताला बसेपर्यंत शिष्याची पुरती दमछाक होई.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती दिली गेली आणि हे चित्र पालटू लागले. त्याआधीच, १९७२ मध्ये, किनेटिकची लुना आली होती. १९८४ मध्ये गिअर न टाकता चालणारी किनेटिक होंडा आली. दुचाकीने पुष्कळ स्त्रियांना परवान्यापर्यंत नेले, आणि मारुतीने मध्यमवर्गीय कुटुंबाला ट्रेनिंग स्कूलच्या दारात आणले. आता शिकायला येणारा डॉक्टर होता, बँकेतला अधिकारी होता, गृहिणी होती, महाविद्यालयातला अध्यापक होता. शिकणारा उमेदवार न राहता ग्राहक झाला. उस्तादाने क्लीनरला ‘अजून तुझा हात बसला नाही’ असे सांगितले की ते अंतिम असे. ट्रेनिंग स्कूलच्या सरांनी तेच सांगितले तर ग्राहक विचारतो, ‘एकवीस दिवस तर झाले ना?’ शिकवणाऱ्याची सत्ता अशा रीतीने कमी झाली. ती कमी होणे अनेक अर्थांनी चांगलेच होते. पण तिच्या जागी दुसरा कोणता आधार आला, हे पाहणे आवश्यक आहे.

तो आधार कायद्याने द्यायचा होता. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे १२ वे कलम मोटार शिकवणाऱ्या शाळांच्या परवान्यासाठी आणि नियमनासाठी आहे. त्याखाली झालेल्या १९८९ च्या केंद्रीय नियमांतला २४ वा नियम साहित्याच्या माणसानेही एकदा वाचावा असा आहे. ट्रेनिंग स्कूलमध्ये काय असावे याची त्यात यादी आहे. व्याख्यानासाठी खोली हवी, फळा हवा, बाके आणि टेबले हवीत. रस्त्याचा आराखडा दाखवणारा फलक हवा, वाहतूक चिन्हांचे तक्ते हवेत, पोलिसांच्या हातवाऱ्यांचे तक्ते हवेत. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांच्या प्रतिकृती हव्यात. जॅक, पाने, पक्कड, हातोडा हवा. प्रथमोपचाराची पेटी हवी. आणि पुस्तकेही हवीत, मोटारीच्या यंत्रणेवरची, चालवण्यावरची, रस्त्यावरच्या सुरक्षिततेवरची. नियम करणाऱ्यांच्या मनात एक खरीखुरी शाळा होती, छोटे ग्रंथालय असलेली. रस्त्याकडेच्या एका गाळ्यात, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर चिन्हांचा एक तक्ता एवढ्यावर चालणाऱ्या ट्रेनिंग स्कूलशी हे चित्र ताडून पाहावे. कायद्याने कल्पिलेली शाळा आणि बाजाराने उभी केलेली शाळा यांतले अंतर त्यावरून कळते.

याच नियमांत शिकवणाऱ्याची पात्रता येते. दहावी उत्तीर्ण. गाडी चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव. मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र किंवा यंत्र अभियांत्रिकीतली त्याहून वरची पात्रता. वाहतूक चिन्हे व नियम यांचे पूर्ण ज्ञान. गाडीचे भाग व त्यांचे कार्य दाखवून समजावून देण्याची क्षमता. आणि इंग्रजीचे किंवा त्या प्रदेशाच्या भाषेचे पुरेसे ज्ञान. नियम लागू होण्यापूर्वी सलग पाच वर्षे शिकवत असलेल्यांना या अटींतून सूट मिळाली. त्या एका सवलतीच्या वाक्यातून जुने मास्तर कागदावर आले आणि ‘प्रशिक्षक’ झाले.

ही यादी नीट पाहिली तर शोफरचा इतिहास तिच्यात जसाच्या तसा दिसतो. यंत्र ज्याला कळते तो शिकवू शकतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे समीकरण १९८९ च्या नियमात कायम आहे. या माणसाला गाडी चालवता येते का, गाडी दुरुस्त करता येते का, चिन्हे पाठ आहेत का, हे सारे विचारले आहे. त्याला शिकवता येते का, हे विचारलेले नाही. ‘समजावून देण्याची क्षमता’ आहे, पण ती गाडीच्या भागांपुरती. घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा रहदारीत कसे न्यायचे, एकच चूक दहा वेळा करणाऱ्याला अकराव्यांदा काय सांगायचे, याची परीक्षा नाही. दुसरे असे, की परवाना शाळेला मिळतो. शिकवणाऱ्याची पात्रता ही त्या परवान्याची एक अट असते. शिक्षक म्हणून त्याला स्वतःच्या नावाची स्वतंत्र नोंदवही नाही.

ब्रिटनशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. तिथे १९१० मध्ये ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग निघाली, १९३५ मध्ये चालकाची परीक्षा सक्तीची झाली. १९६४ मध्ये प्रशिक्षकांची ऐच्छिक नोंदणी सुरू झाली आणि १९७० मध्ये ती सक्तीची झाली. ही नोंदणी व्यक्तीची आहे. तिच्यासाठी तीन परीक्षा द्याव्या लागतात. एक नियमांच्या ज्ञानाची, एक स्वतः गाडी चालवण्याची आणि तिसरी शिकवण्याची. तिसऱ्या परीक्षेत परीक्षक गाडीत बसून पाहतो, की हा माणूस शिकवतो कसा. आपल्या नियमांत हीच तिसरी पायरी नाही.

गिरीजच्या एखाद्या तरुणाला हा व्यवसाय करायचा असेल तर वाट साधारण अशी आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना घ्यावा आणि पाच वर्षे गाडी चालवावी, टेंपो असेल, कंपनीची गाडी असेल. मग एखाद्या ट्रेनिंग स्कूलमध्ये रुजू व्हावे. स्वतःची शाळा काढायची असेल तर जागा, साहित्य आणि दुहेरी नियंत्रण बसवलेली गाडी घेऊन परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा. शाळेच्या परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. चारचाकी शिकवायची तर किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास असे बंधन आहे. अवजड आणि व्यावसायिक वाहनांसाठी तीस दिवस आणि पंधरा तास. कोण दाखल झाले, कोणी किती तास गाडी चालवली, याच्या नोंदवह्या ठेवाव्यात. या वाटेवर पहिल्या दिवसाचा प्रशिक्षक आणि विसाव्या वर्षाचा प्रशिक्षक कायद्याच्या दृष्टीने एकाच जागी उभे असतात. मधे पायऱ्या नाहीत. पुढे जाणे म्हणजे मालक होणे; शिक्षक म्हणून पुढे जाण्याची सोय नाही.

आणि तरीही हे काम शिकवण्याचेच आहे, इतर कशाचे नाही. त्याचा पुरावा त्या गाडीतल्या भाषेत सापडतो. ‘क्लच दाब. पहिला टाक. रेस दे. हळूहळू क्लच सोड. आरशात बघ. डावी घे.’ व्याकरणदृष्ट्या हा आज्ञार्थाचा तास आहे. त्यात एक अवघड प्रश्न संबोधनाचा. पंचविशीतला शिकवणारा आणि पन्नाशीतली शिकणारी यांच्यात ‘मॅडम, जरा क्लच दाबा’ असे आदरार्थी बहुवचन चालते. समोर अचानक सायकल आली की मात्र आदरार्थी प्रत्ययाला वेळ नसतो आणि ‘ब्रेक!’ एवढेच उरते. ‘हाफ क्लच’ हा तर शब्दांनी न सांगता येणारा धडा. क्लच नेमका किती सोडायचा हे सेंटिमीटरमध्ये सांगून उपयोग नाही. गाडीचा थरार पायाला कळावा लागतो. मराठीत ‘हात बसणे’ हा वाक्प्रचार आहे, तो याच ज्ञानासाठी. मायकेल पोलानी या विचारवंताने सायकलच्या उदाहरणाने हेच मांडले, की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून जास्त येत असते. शिकवणाऱ्याचे कसब हे न सांगता येणारे दुसऱ्याच्या हातापायांत उतरवण्याचे आहे.

त्याच्या पायाखाली आणखी एक गोष्ट असते, ब्रेकचा जादा पॅडल. गरज पडल्यास गाडी आवरता यावी किंवा थांबवता यावी, म्हणून शाळेच्या गाडीत, मोटारसायकल वगळता, दुहेरी नियंत्रण नियमाने सक्तीचे आहे. हे पॅडल केव्हा दाबायचे यात सारे शिक्षणशास्त्र येते. लवकर दाबले तर शिकणाऱ्याला आपली चूक कळतच नाही. त्याला वाटते गाडी आपणच थांबवली. उशिरा दाबले तर अपघात. अध्यापकांना यात नवे काही वाटू नये. वर्गात प्रश्न विचारून विद्यार्थ्याला विचार करायला अवधी न देता आपणच उत्तर सांगणे, कविता वाचण्याआधीच तिचा आशय फळ्यावर लिहून देणे, हे सारे लवकर ब्रेक दाबणेच आहे. आपल्या वर्गात त्याने कोणाला इजा होत नाही, एवढ्यावर ते खपून जाते.

केंद्र सरकारने चालक परवान्यांच्या संगणकप्रणालीला ‘सारथी’ असे नाव दिले आहे. नाव मोठे आहे, म्हणून थोडे थांबून पाहावे. महाभारतात दोन सारथी शेवटपर्यंत लक्षात राहतात. अर्जुनाचा सारथी लगाम स्वतःच्या हाती ठेवून शिष्याचे मन सावरतो. कर्णाचा सारथी शल्य हाही कुशल आहे, घोड्यांचे त्याला उत्तम कळते. पण तो सतत टोचून बोलत कर्णाचा तेजोभंग करतो. कौशल्य दोघांकडे आहे. फरक शेजारच्या माणसाशी वागण्यात आहे. २४ व्या नियमातल्या पात्रतेच्या अटी शल्यही पूर्ण करील, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. त्या नियमात जे विचारायचे राहिले ते हेच.

अलीकडच्या बदलांनी हा प्रश्न सुटलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०२१ पासून अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. या केंद्रांत हलक्या वाहनांसाठी जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचे शिक्षण आहे, ८ तास सिद्धांताचे आणि २१ तास प्रत्यक्षाचे. तिथे उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयातल्या चाचणीतून सूट आहे. दहा तासांवरून एकवीस तासांवर जाणे ही मोठी सुधारणा आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र अशा केंद्रासाठी हलकी वाहने शिकवायची तर किमान एक एकर जागा लागते, अवजड वाहने शिकवायची तर दोन एकर. मुंबईच्या दारातल्या वसई पट्ट्यात एक एकर मोकळी जमीन म्हणजे काय, हे तिथल्या बागायतदाराला विचारावे. गाळ्यात शाळा चालवणाऱ्या मास्तराला ती परवडणारी नाही. ही केंद्रे पसरली तर तो मालक न राहता नोकर होईल. नोकर होणे वाईट नाही. पण मालकीची पायरीही गेली आणि शिक्षक म्हणून वर जाण्याची पायरीही नाही, अशा ठिकाणी हुशार मुले फार काळ थांबत नाहीत.

यात पणाला काय लागले आहे, हे आकड्यांत सांगता येते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. या सर्व मृत्यूंचा दोष चालकांच्या शिक्षणावर टाकणे अन्यायाचे होईल. रस्ते, गाड्या, वेग, मद्य, उपचारांना होणारा उशीर ही सारी कारणे त्यात आहेत. तरीही खासगी गाडीचा परवाना घेण्यासाठी आपल्याकडे कोणत्याही शाळेत जाण्याची सक्ती नाही. लाल ‘एल’ लावलेल्या गाडीत शेजारी बसणारा कोणीही परवानाधारक नियमाच्या भाषेत ‘इन्स्ट्रक्टर’च असतो. काका, मित्र, नवरा, कोणीही. एकच शब्द पाच वर्षांचा अनुभव व मेकॅनिकचे प्रमाणपत्र मागतो आणि तोच शब्द शेजारच्या सीटवर बसण्याखेरीज काही मागत नाही. शिकवणे हे काम आहे की केवळ सोबत, याबद्दल आपल्या कायद्याचेच मत ठरलेले नाही.

‘चुपके चुपके’ (१९७५) या हृषीकेश मुखर्जींच्या चित्रपटात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हरचे सोंग घेतो. प्राध्यापक आणि ड्रायव्हर यांत समाजाने जे अंतर मानले आहे, त्यावर ती गंमत उभी आहे. मोटार शिकवणाऱ्या माणसात हे दोघे एकत्र आलेले असतात आणि समाज त्यातल्या ड्रायव्हरला ओळखतो, प्राध्यापकाला नाही. याबद्दल आपण अध्यापकांनी फार वरच्या पट्टीत बोलू नये. शाळेतल्या शिक्षकाला बी.एड.मध्ये निरीक्षकासमोर सराव पाठ द्यावे लागतात. महाविद्यालयात शिकवण्यासाठी आपण पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट मागतो. त्यात अध्यापनाच्या अभिवृत्तीवर एक लेखी पेपर आहे, पण वर्गात उभे राहून शिकवून दाखवणे त्या परीक्षेचा भाग नाही. नेटची सुरुवातही १९८९ सालचीच. त्या वर्षी देशाने दोन प्रकारच्या शिक्षकांची पात्रता लिहून काढली, आणि दोन्ही ठिकाणी विषय येतो का हे विचारले. विषय येणे आणि शिकवता येणे यांतले अंतर वर्गात लपून राहते. गिरीजच्या वळणावर, समोरून एस.टी. नसली तरी टँकर येत असताना, ते लपत नाही.

म्हणून सुचवायचे ते थोडके आहे. प्रशिक्षकाची नोंद त्याच्या स्वतःच्या नावे व्हावी. त्याच्या परीक्षेत शिकवण्याची परीक्षा असावी, आणि ती गाडीत बसूनच घेतली जावी. अनुभवाप्रमाणे त्याला वरची श्रेणी मिळावी, म्हणजे वीस वर्षे शिकवलेला माणूस नव्या प्रशिक्षकांना शिकवू शकेल. नियमाने सांगितलेला फळा, बाके आणि पुस्तके यांची आठवण तपासणीला येणाऱ्यांनी ठेवावी. त्या पुस्तकांत चांगल्या मराठीत लिहिलेले एखादे असावे, आणि ते लिहायला मराठीच्या अध्यापकांनी मदत करायला हरकत नाही. उस्तादाकडे वेळ होता, लष्कराकडे पद्धत होती, ट्रेनिंग स्कूलने ही विद्या सर्वांना खुली केली. या तिन्ही गोष्टी ज्याच्यात एकत्र येतील असा शिक्षक घडवण्याचे काम अजून व्हायचे आहे.